खंयसून हाडलंस?

नवव्या दिवशी प्रेसमधून पान बाहेर आलं होतं. प्रेस म्हणजे काय, तर झाड दाबून वाळवायला प्लायवूडचे दोन तुकडे, मध्ये रद्दीचे पेपर आणि वर वजनाला आजीचा पाटा. दीपकाडी ह्या रानफुलाचं अख्खं झाड कांद्यासकट दाबून मी कॉलेजला निघून गेले होते, मध्ये पेपर कोणी बदलले नाहीत, आणि परत येऊन बघते तर पेपरच्या घडीतून बोटभर लांब, पिवळट पांढरं, अंधारात वाढलेलं एक पान ओटीवरच्या उजेडाकडे वळलेलं. मला वाटलं बुरशी आली, सगळं फुकट गेलं. आजी चुलीपासून उठून आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "कांदो जितो आसा गो अजून."

आणि लगेच पुढचा प्रश्न, "खंयसून हाडलंस ह्या?" म्हणजे कुठून आणलंस हे?

आजी देवगडकडची, लग्न होऊन राजापूर तालुक्यात आली पण तिची मालवणी शेवटपर्यंत सुटली नाही. मी म्हटलं, सड्यावरून, म्हणजे घरामागच्या जांभ्या कातळाच्या माळावरून. तर म्हणाली, "सडो काय इतकोसो आसा? सड्यार खंय?" मग मी सांगितलं की वेताळाच्या घुमटीच्या मागे, तळीच्या वरच्या अंगाला, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. थंय पयल्या पावसात पांढरी फुला येतत, हे तिला माहीतच होतं.

ही गोष्ट जून २००८ ची, मी एसवाय बीएस्सीला होते. बॉटनीला दहा हर्बेरियम शीट्स, म्हणजे वाळवलेली झाडं लावलेले कागद, सबमिट करायच्या असायच्या. बहुतेक जण कॉलेजच्या कंपाऊंडमधूनच सदाफुली, घाणेरी, टाकळा असं मिळेल ते उपटून चिकटवायचे, आणि त्यांचं चुकत होतं असंही नाही, कारण कोणी वेगळं काही मागितलंच नव्हतं. माझ्या घरामागे सडा होता म्हणून मला दीपकाडी मिळाली एवढंच.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचा सडा मे महिन्यात पूर्ण काळा पडतो, करपलेलं गवत आणि जांभा, अनवाणी पाय ठेवता येत नाही. मग पाऊस लागतो आणि आठ-दहा दिवसांत कातळाच्या भेगांमध्ये, जिथे जेमतेम ओंजळभर माती साठलेली असते तिथून हिरवी लांब अरुंद पानं निघतात आणि मधून एक सरळ दांडा. दांड्यावर पांढरीशुभ्र फुलं, लांबट नळीची, पाकळ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला वळलेली. जून आणि फार तर जुलैची सुरुवात. नंतर शेंगांसारखी बोंडं धरतात, आत काळ्या चपट्या बिया, आणि पावसाळा सरला की वर काहीच उरत नाही. कांदा खाली झोपलेला असतो, वरून चालणाऱ्याला पत्ताही नसतो. कोकणातल्या आणि आसपासच्या ह्या जांभ्याच्या पट्ट्याबाहेर ही दीपकाडी जगात कुठेच आपसूक उगवत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी ती कुदळीच्या टोकाने उकरून काढली होती.

नाव किती आपलं वाटतं ना, दीप आणि काडी, जणू कोणी आजीनेच ठेवलंय. पण हे वंशाचं शास्त्रीय नावच आहे, डिपकाडी, मुळात तिकडे तुर्कस्तानात अशाच एका कांद्याच्या फुलाला म्हणत त्यावरून घेतलेलं, मेडिकस नावाच्या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाने १७९० मध्ये. ते इकडे आलं आणि आपल्या तोंडात इतकं फिट्ट बसलं की आता लोकांना मराठीच वाटतं. मला ह्याचा आनंदच आहे.

आपल्या दीपकाडीला पहिल्यांदा शास्त्रीय नाव दिलं डाल्झेलने. निकोल डाल्झेल, एडिंबराचा माणूस, १८४१ मध्ये मुंबईला आला तो कस्टम खात्यात असिस्टंट कमिशनर म्हणून. झाडं हा त्याचा नोकरीबाहेरचा नाद, जंगल खात्यात तो बऱ्याच उशिरा गेला. १८५० मध्ये त्याने हिचं वर्णन छापलं, युरोपेटॅलम कोंकणेन्सी ह्या नावाने. पुढे लंडनच्या क्यू गार्डनच्या बेकरने तिला डिपकाडी वंशात घेतलं. वंश बदलला पण 'कोंकणेन्सी' राहिलं, म्हणजे कोकणातली. डाल्झेल आणि गिब्सन ह्यांचं 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ चं, थिओडोर कुकने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचे खंड काढले ते १९०१ ते १९०८. कोकणातल्या झाडांचा मागे मागे माग काढत गेलं की फिरून फिरून ह्याच माणसांपाशी जाऊन थांबायला होतं.

आता हर्बेरियम म्हणजे काय हे जरा नीट सांगायलाच हवं, कारण माझ्या घरच्यांनाही वाटायचं की हा पाना-फुलांच्या हस्तकलेचा प्रकार आहे. झाड वाळवून साधारण ४२ बाय २८ सेंटीमीटरच्या जाड कागदावर शिवतात किंवा चिकटवतात, किडीसाठी औषध मारतात आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल लावतात. लेबलावर नाव, कुळ, ठिकाण, उंची, तारीख, कोणी गोळा केलं, त्याचा फिल्ड नंबर, आणि जे वाळल्यावर दिसणार नाही ते सगळं, म्हणजे फुलाचा रंग, झाड केवढं होतं, आजूबाजूला काय होतं, किती होती. दीपकाडीचं पांढरं फूल वाळलं की चहा सांडलेल्या कागदासारखं होतं. नंतर बघणाऱ्याला ते पांढरं होतं हे कळणार कुठून, तर लेबलावरून. एखाद्या प्रजातीला पहिल्यांदा नाव देताना जो नमुना समोर होता ती टाइप शीट, त्या नावाचा शेवटचा पुरावा तीच. शंका आली, दोन झाडांत घोळ झाला, तर पुस्तक नाही, ती शीट उघडून बघतात. आणि जपली तर ती शेकडो वर्षं टिकते. अशा शीट्सच्या संग्रहालाही हर्बेरियमच म्हणतात. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात बोटॅनिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागाचं, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं, हावड्याला मध्यवर्ती राष्ट्रीय हर्बेरियम आणि सगळ्यात जुन्या बऱ्याचशा शीट्स लंडनला क्यूमध्ये.

कांद्यांच्या बाबतीत एक गोष्ट मला सरांनी नंतर सांगितली, ती आधी सांगायला हवी होती. कांदा आधी मारावा लागतो. उकळत्या पाण्यात बुडवून काढायचा किंवा उभा चिरून अर्धा ठेवायचा, नाहीतर त्यात साठवलेल्या अन्नावर तो प्रेसमध्येही वाढत राहतो. मग मी तो चिरला. आत एकावर एक पांढरे पदर आणि मधोमध तो पिवळट कोंब, अजून ओला. आजी बघत होती, काही बोलली नाही. ते पान मी तोडलं नाही, अर्ध्या कांद्यासकट तसंच शीटवर ठेवलं.

आणि लेबलावर लिहिलं, नाव, कुळ लिलिएसी, ठिकाण रत्नागिरी, तारीख जून २००८, रोल नंबर ३७. बास. दहापैकी नऊ मार्क मिळाले.

नंतर एमएस्सीला असताना मी क्यूच्या स्कॅन केलेल्या शीट्स बघायला लागले. रात्री हॉस्टेलवर, नेट जरा बरं चालायचं तेव्हा. आपल्या ओळखीच्या झाडांची दीडशे वर्षांपूर्वीची, पार लंडनला जाऊन बसलेली वाळकी रूपं बघताना काय वाटतं ते सांगता येत नाही. आणि त्यात पुन्हापुन्हा एक छापील लेबल दिसायचं, हुकर आणि थॉमसन ह्या ब्रिटिश वनस्पतीशास्त्रज्ञांच्या संग्रहाचं. त्यावर ठिकाण काय, तर 'मलबार, कोंकण, इत्यादी'. प्रदेश कोणता, तर उष्ण कटिबंध. गोळा करणारे कोण, तर 'स्टॉक्स, लॉ, इत्यादी'. म्हणजे केरळपासून वर जवळजवळ मुंबईपर्यंतचा अख्खा किनारा एका ओळीत आणि माणसंसुद्धा इत्यादी. स्टॉक्स हा लष्करी डॉक्टर, १८५४ मध्ये तिशी नुकतीच ओलांडलेली असताना गेला. लॉ हा मुंबई इलाख्यातला मुलकी अधिकारी. उन्हापावसात, बैलगाडीने, गलबताने फिरून त्यांनी झाडं गोळा केली असणार, कुठलातरी घाट, कुठलीतरी खाडी त्यांच्या डोक्यात पक्की असणार. मग सगळ्यांचे गठ्ठे तिकडे गेले, एकत्र झाले आणि छापील लेबल लागलं. झाड शाबूत आणि जागा कायमची गेली.

मला भयंकर राग यायचा. आजीचा प्रश्न आठवायचा, कोंकण काय इतकोसो आसा?

हे ठिकाण इतकं का महत्त्वाचं ते सांगते. तारीख आणि जागा दोन्ही नीट असतील तर जुन्या शीट्सवरून आज कळू शकतं की अमुक झाड तेव्हा कुठवर होतं आणि आता कुठे उरलंय, तेव्हा कधी फुलायचं आणि आता कधी फुलतं. जगभर फुलण्याच्या वेळा किती सरकल्या हे लोकांनी अशाच जुन्या लेबलांवरच्या तारखा लावून काढलंय. २०२५ मध्ये आपल्याकडे मान्सून २५ मेलाच तळकोकणात उतरला, आठवत असेल सगळ्यांना, आंबेवाल्यांचे हाल झाले. मी ८ जूनला सड्यावर गेले तर दीपकाडीला बोंडं धरलेली, फुलं एखाददुसरीच. २००८ ला त्याच दिवसांत ती नुकती फुलायला लागली होती असं माझी आठवण म्हणते. पण आठवणच, कारण लेबलावर मी नुसतं 'जून' लिहिलंय. जूनला तीस दिवस असतात.

आता तर सगळं नकाशावर येतं. जीबिफ म्हणून एक आंतरराष्ट्रीय साठा आहे, जगभरच्या संग्रहालयांच्या नोंदी तिथे एकत्र बघता येतात, एकेक नोंद म्हणजे नकाशावर एक ठिपका. आणि जुन्या लेबलावर नुसतं जिल्ह्याचं नाव असेल तर नोंद भरणारा माणूस बिचारा काय करणार, एक तर जागा मोकळी सोडणार नाहीतर जिल्ह्याच्या मधोमध ठिपका देणार. त्या ठिपक्यावर जाऊन बघाल तर तिथे शेत असेल, एसटी स्टँड असेल, काहीही असेल. कोणी संशोधक पुढे त्यावरून हिशोब मांडेल की ह्या झाडाला किती पाऊस लागतो, कसली जमीन लागते, आणि चुकेल. चूक त्याची नसेलच.

२०१४ मध्ये वेताळाच्या घुमटीमागची जमीन चिरेखाणीला गेली. आमच्याच भावकीतली जमीन, चार हिस्से, त्यातले दोघे मुंबईला. मी त्यांना नावं ठेवणार नाही, आमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचंच आहे, आख्ख्या कोकणातली घरं त्याचीच आहेत, आणि सड्याला सातबाऱ्यावर पोटखराब म्हणतात, म्हणजे ज्यात काही पिकत नाही अशी जमीन, तर त्यातून दोन पैसे मिळत असतील तर कोण सोडेल. काही ठिकाणी खाण नाही तर कातळात सुरुंग लावून खड्डे मारतात, बाहेरून माती आणून भरतात आणि हापूसची कलमं लावतात. हेही मला कळतं. पण त्या वर्षी गणपतीला गेले तेव्हा तळीच्या वरच्या अंगाला माणूसभर खोल, काटकोनात कापलेला लाल खड्डा होता आणि त्यात हिरवट पाणी. मी काठावर उभी राहिले आणि पहिल्यांदा डोक्यात आलं की इथे दीपकाडी होती ह्याचा कागदोपत्री पुरावा जगात एकच आहे आणि तो मीच केलाय, आणि त्यावर लिहिलंय 'रत्नागिरी'.

ज्या गोष्टीवरून मी इतकी वर्षं स्टॉक्स आणि लॉच्या लेबलावर चिडत होते ती मी स्वतः केली होती. त्यांना निदान अडचण होती. मला तर आजीने विचारलं होतं, मी तिला तोंडाने उत्तर दिलं होतं आणि लेबलावर लिहिलं नव्हतं.

शीट शोधायला कॉलेजात गेले ते थेट २०१९ मध्ये. कपाटं बदलली होती, लॅबचं काम झालं होतं आणि जुन्या शीट्सचं काय झालं हे कोणालाच धड सांगता येईना. बरंचसं वाळवीने खाल्लं, बरंचसं रद्दीत गेलं. वीस-पंचवीस वर्षं मुलांनी गावोगावचं आणलेलं सगळं. अर्धं सदाफुली आणि घाणेरी असेल, पण उरलेलं अर्धं? त्यात कोणाच्या गावच्या सड्यावरचं काय होतं, हे आता कधीच कळणार नाही. मला त्या दिवशी बोलायला सुचलं नाही. निघताना लॅबमधले काका, जे आमच्या वेळेपासून होते, ते म्हणाले की ताई, एक गठ्ठा मी बाजूला काढून ठेवला होता, वरच्या माळ्यावर असेल, पण आता काढता येणार नाही, सुट्टीत या. मग लॉकडाऊन आलं, मग माझी बदली, मग आजी गेली. लॅबमधले काका रिटायर झाले पण मधल्या काळात त्यांनी तो गठ्ठा जुन्या धोतरात बांधून, डांबरगोळ्या टाकून, नव्या माणसाला दाखवून ठेवला होता. यंदा जुलैत मी गेले आणि त्याने काढून दिला.

छत्तीस शीट्स होत्या. माझी तिसऱ्या थरात सापडली. हस्ताक्षर नंतर बघितलं, आधी ओळखलं ते पानावरून. अर्धा कांदा, पदर तपकिरी होऊन कागदासारखे पातळ झालेले, आणि मधून निघालेलं ते अंधारातलं पान, बाकीची पानं मळकट हिरवी आणि हे एकच पेंढ्याच्या रंगाचं. फुलं तीन उरली होती, चौथं गळून शीटच्या खाली घसरलं होतं, ते मी छोट्या कागदी पाकिटात घालून त्याच शीटवर लावलं, तशीच पद्धत आहे.

विभागप्रमुख मॅडमशी बोलून शीट्स दुरुस्तीला घरी आणल्या आहेत, नंतर ज्या नीट वाचता येतात त्या एखाद्या मोठ्या, जिथे कायम देखभाल होते अशा हर्बेरियमला द्यायच्या असं ठरतंय. आता लेबल दुरुस्त करायचं तर जुनं लेबल खोडायचं नसतं, त्यावर पट्टीही मारायची नसते. शेजारी वेगळी चिठ्ठी लावायची, त्यावर काय बदल, कोणी केला, कधी केला. जुनी चूकही दिसत राहिली पाहिजे. उदाहरणार्थ कुळ, मी लिलिएसी लिहिलं होतं, तेव्हा तसंच शिकवायचे, आता दीपकाडी शतावरीच्या कुळात धरतात. ते चिठ्ठीवर एका ओळीत होतं.

ठिकाणाचं मात्र मी दोन दिवस घोळत बसले. मोबाईलवर खाणीच्या काठाचे अक्षांश-रेखांश मिळतात, पण झाड नक्की खाणीच्या जागी होतं की काठापासून दहा पावलं इकडे हे सतरा वर्षांनी शपथेवर कसं सांगणार. आणि दुसरं म्हणजे अशा झाडांच्या नेमक्या जागा उघड कराव्यात का, हा प्रश्न असतोच, कांदे उकरून नेणारे लोक असतात. आयनॅचरलिस्टसारख्या, लोक निसर्गातल्या नोंदी टाकतात अशा संकेतस्थळांवर धोक्यातल्या प्रजातींची जागा मुद्दाम धूसर दाखवतात, ठिपका ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेही पडतो. मला हे पटतं. शीटवर सगळं खरं आणि पूर्ण लिहायचं, नेटवर टाकताना धूसर करायचं. म्हणूनच इथे मी गावाचं नाव लिहिलेलं नाही, सड्यावर अजून दोन जागी ती आहे. तिथून मी आता कांदा काढत नाही. फोटो, एक पान, फार तर एक फुलाचा दांडा, आणि वहीत तारीख, जागेचं गावातलं नाव, किती होती त्याचा मोजून आकडा. फुलली नसतील तर तेही लिहिते. ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असते कायद्याने, त्यात आमच्या सड्याचं अर्धं पानसुद्धा नव्हतं, यंदा ग्रामसेवकांना भेटून दीपकाडी आणि तिच्या दोन्ही जागा मराठीत लिहून दिल्या आहेत. त्यांनी विचारलं, ही कोणाच्या गटात येते? गट नंबरही दिले.

जागांची नावं लिहिताना अडायला होतं ते वेगळंच. नकाशावर सगळा सडा एकच पांढरा तुकडा आहे. आजीकडे त्याची पंधरा-वीस नावं होती, कुठे गुरं बसायची, कुठे पाणी शेवटपर्यंत टिकायचं, कुठून खाडी दिसते. त्यातली मला आठ आठवली, बाबांना अजून चार. बाकीची तिच्याबरोबर गेली.

शेवटी काल संध्याकाळी चिठ्ठी लिहिली. काळ्या शाईने, कारण बॉलपेनची शाई उडते.

"रोल नंबर ३७ म्हणजे मी", आणि पूर्ण नाव. कुळ आता अस्पॅरागेसी. राजापूर तालुका, मग गावाचं नाव, गावचा सडा, वेताळाच्या घुमटीच्या मागे, तळीच्या वरच्या अंगाला, जांभ्याच्या भेगेत. फूल पांढरं. आजूबाजूला आणखी बरीच होती, मोजली नव्हती. जून २००८ चा दुसरा आठवडा, नक्की तारीख आठवत नाही. दुसरं पान प्रेसमध्ये वाढलेलं आहे. ही जागा २०१४ मध्ये चिरेखाणीत गेली. सर्व माहिती आठवणीवरून, ऑगस्ट २०२५.

गोंद लावून चिठ्ठी बसवली, वर बटर पेपर ठेवला आणि दाबायला काहीतरी सपाट आणि जड पाहिजे होतं, तर बाबा आतून पाटा घेऊन आले.